कानाची साक्ष

हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. हातांत कांकण आहे एवढें डोळ्यांना दिसतें हें खरें. परंतु तें सोन्याचें कीं पितळेचें, हें ठरविण्यास कसोटीचा दगड लागतो. कानांनीं ऐकलेल्या गोष्टीलाही असा दगड लावावा काय, आणि तो पुढें करणें हा ऐकणाराचा अपमान होतो काय, हा प्रश्न गेल्या दिवाळींत आमच्यापुढें अगदीं घरगुती स्वरूपांत उभा राहिला.

आमचे एक स्नेही संगीताचे जाणते रसिक आहेत. त्यांनीं आपल्या घरच्या स्टीरिओसाठीं ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी एक नवी तार आणली. तिची किंमत ऐकून ती सबंध यंत्राचीच असावी असें आम्हांला वाटलें. जुन्या तारेनें मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा येई, आतां ते समोर बसून गातात, असें स्नेह्यांचें म्हणणें. आम्हींही ऐकलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही तसेंच वाटलें. प्रसंग येथेंच संपला असता. परंतु नुकताच नोकरीस लागलेला त्यांचा भाचा मामांच्या शब्दावर विसंबून तसलीच तार हप्त्यानें घेण्यास निघाला. तेव्हां रसिकतेच्या प्रश्नाला नीतीच्या प्रश्नाचें रूप आलें.

तारेचें काम काय, तें प्रथम पाहूं. २.५ चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची तार पांच मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा रोध सुमारें ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा रोध साधारणतः ८ ओहम धरतात. म्हणजे तारेंत हरवतें तें शंभरांत एका भागाहूनही कमी. तीच तार पांचपट बारीक घेतली तर रोध पांचपट होतो, आणि अंतर बरेंच वाढविलें तर फरक कानालाही जाणवूं शकेल. तेव्हां तारेनें कांहींच होत नाहीं, हें म्हणणें बरोबर नव्हे. तांब्याऐवजीं रुपें वापरल्यास रोध पांच-सहा टक्क्यांनीं उतरतो. पण तेवढें काम थोडी अधिक जाड तांब्याची तारही करते. सारांश, जाडी एकदां पुरेशी झाली कीं त्यापुढें किंमत वाढत जाते. आवाजांत वाढण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.

यावर स्नेह्यांनीं जो मुद्दा काढला तो आम्हांला फार बळकट वाटला. ते म्हणाले, "तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा केसभर सरकवा, सबंध सूर उजळतो. त्या धाग्याची किंमत ती काय, आणि त्याचें गणित तुम्ही कोणत्या ओहमांत मांडणार?" क्षुल्लक दिसणारी गोष्ट मोठा परिणाम करूं शकते, यांत शंका नाहीं. परंतु जवारी लागली कीं नाहीं, हें शेजारच्या खोलींत डोळे मिटून बसलेल्या मनुष्यालाही सांगतां येतें. धाग्याचा परिणाम धागा न पाहतां कळतो. तारेचाही तसाच कळतो काय, एवढेंच पाहावयाचें होतें.

तेव्हां आम्हीं पडदा बांधला. भाच्यानें पडद्यामागें प्रत्येक वेळीं नाणें उडवावें. छापा पडल्यास नवी तार, कांटा पडल्यास जुनी तार जोडावी, आणि एक अक्षरही बोलूं नये, असें ठरलें. असें सोळा वेळां केलें. सोळांपैकीं बारा किंवा अधिक उत्तरें निव्वळ नशिबानें बरोबर येण्याचा संभव शंभरांत चाराहूनही कमी असतो; म्हणून बारा ही सीमा धरली. स्नेह्यांचीं नऊ बरोबर आलीं, आमचीं सात. एका घरच्या प्रयोगानें जगाचा निकाल लागत नाहीं. परंतु त्या घरचा लागला.

स्नेही दुखावले. "म्हणजे मी खोटें बोललों?" एवढेंच ते म्हणाले, आणि पुढें पंधरा दिवस आमच्याकडे आले नाहींत.

ते खोटें बोलले नव्हते. १९७६ सालीं मॅकगर्क आणि मॅक्डॉनल्ड या मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांत मनुष्याचे ओठ 'गा' म्हणतांना दाखवावे आणि त्यास आवाज 'बा'चा जोडावा. बहुतेकांस 'दा' ऐकूं येतें. डोळे मिटले कीं 'बा'! युक्ति ठाऊक झाली तरी भास जात नाहीं. अर्थात् ऐकणें हें केवळ कानांचें काम नव्हे. डोळे, आशा आणि दिलेली किंमत हींही त्यांत भाग घेतात. गौतमानें न्यायसूत्रांत इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षापासून झालेलें ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष, एवढ्यावर न थांबतां तें अव्यभिचारी असावें अशी अट घातली, ती उगीच नव्हे. 'मला असें ऐकूं आलें' हें विधान स्नेह्यांच्या तोंडीं सर्वथा सत्य होतें. 'तें तारेमुळें आलें' हें दुसरें विधान, आणि साक्षीची गरज त्याला होती.

पडद्यांत अपमान आहे काय? आम्ही गेलीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासीत आलों आहों. विद्यापीठ त्यांवर विद्यार्थ्याचें नांव ठेवीत नाहीं, क्रमांक ठेवतें. त्यामुळें आम्हांस अप्रामाणिक ठरविलें, असें आम्हांला कधीं वाटलें नाहीं. उलट, वर्गांतला हुशार मुलगा ओळखतां आला असता तर त्याच्या सामान्य उत्तरांतही आम्हांस चमक दिसली असती, आणि ती अगदीं मनापासून दिसली असती! पडदा लबाडांसाठीं नसतो; लबाड त्यांतूनही वाट काढतात. तो प्रामाणिक माणसांसाठींच असतो.

स्नेह्यांचा आनंद हिरावून घेण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, आणि तो हिरावला गेलाही नाहीं. नवी तार अजून त्यांच्या यंत्राला आहे. मनुष्यानें आपल्या पैशानें आपलें समाधान विकत घ्यावें; त्यांत तिसऱ्यानें बोलण्याचें कारण नाहीं. पण ज्या क्षणीं आपल्या शब्दावर दुसरा कोणी कर्ज काढूं लागतो, त्या क्षणीं आपण रसिक राहत नाहीं, साक्षीदार होतों. आणि साक्षीदारानें कसोटीला नकार देऊं नये. पंधरा दिवसांनीं स्नेही आले, तेव्हां हा विषय त्यांनींच काढला. भाच्याला त्यांनीं सांगितलें होतें, "मला अजूनही नवी तार गोड लागते. पण तुझ्या पैशाला माझे कान जामीन राहणार नाहींत."