चित्रकलेचा तास

सहामाही परीक्षा तोंडावर आली की शाळेत हमखास घडणारी एक गोष्ट. वेळापत्रकात तास चित्रकलेचा, पण वर्गात शिरतात गणिताचे सर. ‘पोर्शन राहिलाय, वह्या काढा!’ रंगपेटी पुन्हा दप्तरात जाते. सरांचा हेतू चांगलाच असतो. पण मुलं मात्र शिकतात की कला ही वेळ उरला तर करायची गोष्ट.

खरं तर चित्रकला आणि गणित एकमेकांपासून इतकी दूर नाहीत. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमितीही असते. कंपासपेटी तिथेही लागते. तांब्याचा गोल काठ बाजूने लंबगोल का दिसतो, हे कागदावर उतरवताना घडलेली नजर प्रयोगशाळेतही कामी येते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि विज्ञान यांची काटेकोर फारकत नको, असंच म्हटलं आहे.

दहावीच्या वाढीव गुणांपुरती रेखाकला परीक्षेत ग्रेड मिळवायची आणि मग ब्रश माळ्यावर टाकायचा, याला कला आणि अभ्यास यांचा समतोल म्हणत नाहीत. ‘गणितात किती मिळाले?’ असं विचारताना ‘या आठवड्यात काय काढलंस?’ हेही विचारू या. आणि पुढच्या पालकसभेत चित्रकलेचा तास चित्रकलेलाच मिळावा, असा आग्रह धरू या.