अनामत

विसरवाडीवरून धुळे-सुरत हमरस्ता जातो. धुळ्याच्या दिशेने निघाले की कोंडाईबारीचा घाट लागतो.

आजचा तरुण इंटरनेटवर जुळलेल्या मित्रांसह व्हिएतनामच्या डोंगरांत भाड्याची मोटारसायकल फिरवतो. गाडीवाला अनामत मागतो. मित्र एकमेकांपाशी काय ठेवतात? काहीच नाही. मग एकजण घसरून पडला, तर बाकीच्यांनी थांबावे कशासाठी?

ओळख जुनी हवी, असे वडीलधारे म्हणतील. पण १९२३ साली मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी तिघांनीच १९२८ मध्ये फेरी पुरी केली. उलट, घाटात ट्रक बंद पडला की अनोळखी चालकही थांबतो.

अनामत परत मिळते. दुसऱ्यासाठी थांबून दिलेली घटका परत मिळत नाही. ती हिशेब न मांडता द्यावी, तेव्हाच सोबत्याचा मित्र होतो.