वरचे पाणी आणि खालची माणसे

पाणी अडविणे हे पुण्यकर्म आहे, अशी आपल्या समाजाची फार जुनी श्रद्धा आहे. विहीर खणणे, तळी बांधणे, पाणपोई घालणे यांची गणना पूर्तकर्मांत होते. देवालयासमोरच्या तळीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु पाणी अडविणाऱ्याच्या पदरी या पुण्याबरोबर एक ऋणही पडते, आणि त्याचा विचार आपण क्वचितच करतो. उंचावर पाणी साठविणारा मनुष्य खाली राहणाऱ्यांचे काय देणे लागतो, हा प्रश्न आम्हांला येथे वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

एखादे लहानसे मातीचे धरण डोळ्यांपुढे आणावे. असे धरण पुष्कळदा दोन हेतूंनी राखले जाते: पूर आवरावा, आणि जलाशयात नौकाविहार, मासेमारी, सहली यांचा आनंद लोकांना मिळावा. दोन्ही हेतू चांगलेच. पण त्यांची ओढ परस्परविरुद्ध आहे. पूर पोटात घ्यावयाचा तर जलाशयात रिकामी जागा हवी. विहाराला तो काठोकाठ भरलेला हवा. त्यातून मातीच्या बांधाचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती धुपते, खाच पडते, आणि खाचेतून वाढलेला ओघ तीच खाच आणखी खोल करीत जातो. म्हणून सांडवा मोकळा असणे आणि माथा पाण्याहून पुरेसा उंच असणे, हेच अशा धरणाचे प्राण होत.

एका हेतूने दुसऱ्याला गिळून टाकले म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातल्या साउथ फोर्क धरणाने दाखविले. कालव्याला पाणी पुरविण्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण १८५३ साली पुरे झाले. उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. आगगाडी आली, कालवा निरुपयोगी झाला, आणि धरण विकले गेले. पुढे एका मालकाने तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ उपटून भंगारात विकले. १८७९ साली ते धनिकांच्या एका क्लबाकडे आले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक यांच्यासारखे कारखानदार त्याचे सभासद होते. माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरविण्यात आला. सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसविण्यात आल्या. नळ मात्र पुन्हा कोणी घातले नाहीत.

खाली सुमारे १४ मैलांवर जॉन्सटाउन हे पोलाद गाळणारे गाव होते. तेथील कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली धरणाची तपासणी करविली, दोष कळविले, दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलण्याचीही तयारी दाखविली. तुमच्या लोकांना आमच्यापासून धोका नाही, अशा आशयाचे उत्तर क्लबाकडून आले. ३१ मे १८८९ रोजी, रात्रभराच्या मुसळधार पावसानंतर, वाहून आलेल्या पाल्याकाटक्यांनी जाळ्या तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहिले, आणि दुपारी तीननंतर धरण फुटले. तासाभरात लोंढा गावावर आला. २,२०९ माणसे प्राणांस मुकली.

क्लबाविरुद्ध दावे झाले. एकालाही क्लबाकडून भरपाई मिळाली नाही. हे ईश्वराचे कृत्य, मनुष्याचे नव्हे, असा पवित्रा घेतला गेला. येथे देवाचे नाव घेणाऱ्या आपणांसारख्यांनी थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते. पाऊस देवाचा, हे आम्ही मान्य करतो. पण नळ देवाने विकले नव्हते, जाळ्या देवाने बसविल्या नव्हत्या. जे मनुष्याने करावयाचे राहिले, ते देवाच्या माथी मारणे ही भक्ती नव्हे. ती देवाची निंदा होय. आपद्ग्रस्तांसाठी क्लबाने पुढे एक हजार कांबळी पाठविली, कार्नेगींनी गावाला ग्रंथालय बांधून दिले. या दयेला आम्ही नावे ठेवीत नाही. तथापि दया ही कर्तव्याची भरपाई होऊ शकत नाही. मेलेल्यांना कांबळ्यांचा काय उपयोग?

असे प्रश्न केवळ परक्यांचे नाहीत. गोव्यातील खाजने पाहावीत. चिखलमातीचे बांध घालून खाऱ्या पाण्याला दूर ठेवायचे आणि मानशीच्या दारांनी भरतीओहोटी सांभाळायची, ही व्यवस्था गांवकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जतन केली. मानशीवरच्या मासळीचा हक्क लिलावाने दिला जातो. आणि अधिक मासळीच्या लोभाने कोणी दारे नको तेव्हा उघडी ठेवली, तर खारे पाणी शेतात शिरते, बांध खचतो. साउथ फोर्कची जाळी आणि मानशीचे दार यांची कथा एकच. फरक एवढाच, की खाजनाचा बांध ज्यांनी राखावयाचा, त्यांचीच शेते त्याच्या आड असत. साउथ फोर्कचे मालक दूर पिट्सबर्गमध्ये राहत आणि भय सोसणारे खाली राहत. उपभोग एकाचा आणि भय दुसऱ्याचे, अशी फाळणी झाली की सावधपणा पातळ होतो.

मग मालकाचे देणे ते किती? आमच्या मते, देवस्वाचा विश्वस्त जितके देणे लागतो तितके. भांडाराची किल्ली त्याच्या हाती असते, पण भांडार त्याचे नसते. जलाशयाचा काठ, मासे, नावा मालकाच्या असतील. पाण्याचा भार मात्र खालच्या प्रत्येक घराचा आहे. आनंदाला आमची ना नाही. तलावाकाठी मुले खेळावीत, नावा फिराव्यात. पण पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा आहे ना, बांधाचा माथा खचला नाही ना, हे पाहून मगच नाव पाण्यात लोटावी. आणि खालून कोणी शंका घेतली, तर तिला उद्धटपणा न समजता, घरच्या माणसाची हाक समजून ऐकावे.