किंचाळणारी नेहमी बाईच का?

ऑक्टोबर सरत आला की आमच्या क्युपर्टिनोत दारोदारी कोरलेले भोपळे दिसू लागतात आणि मुले भयपटांचा हट्ट धरतात. अशाच एका संध्याकाळी आम्ही हिचकॉकचा 'द बर्ड्स' (१९६३) पाहत होतो. त्याचे बरेचसे चित्रण येथून उत्तरेस, सॅन फ्रान्सिस्कोच्याही पलीकडे, बोडेगा बे या समुद्रकाठच्या गावी झाले. माळ्यावर पक्षी नायिकेवर तुटून पडले, तेव्हा घरातील शाळकरी मुलीने विचारले, "किंचाळणारी नेहमी बाईच का?" आम्ही वडील मंडळी निरुत्तर झालो.

या प्रसंगाची हकीकत आम्हांस ठाऊक होती. नायिका टिपी हेड्रन हिने २०१६ साली आपल्या आत्मचरित्रात ती लिहिली आहे. यांत्रिक पक्षी वापरू, असे तिला सांगितले होते. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले. डोळ्याजवळ जखम झाली. म्हणजे जो अभिनय म्हणून आम्ही वाखाणला, त्यात खरी वेदना होती.

मग स्त्रीचे दुःख पडद्यावर दाखवूच नये काय? तसे आम्हांस वाटत नाही. जगात जे घडते ते लपवून कोणाचे भले होणार? विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' (२०१७) पाहा. उसाच्या फडात अडकलेली गर्भवती नायिका तीही भेदरते, पळते. परंतु तेथे खरे भय भुतांचे नसून, मुलगी नको म्हणून जीव घेणाऱ्या माणसांचे आहे. आपण तिच्या बाजूने पाहतो आणि घरी परतताना गुन्हेगार कोण, हे मनात ठेवून परततो.

फरक आहे तो येथे. ती वाचावी म्हणून आपला जीव कासावीस होतो, की ती कशी मरेल याची उत्सुकता लागते? दुसरे घडत असेल, तर दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही. तिकीट आपण काढलेले असते.

मुलीला आम्ही भयपटांची बंदी केली नाही. एवढेच सांगितले की, पाहताना हा प्रश्न स्वतःस विचारीत जा. ती लगेच म्हणाली, "मग तुम्हीही विचारा." वाचकहो, तिचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले.