सार्वजनिक कातळावर बोल्ट ठोकताना

प्रस्तरारोहक कड्यावर जातो आणि परत येतो. चढाईचा नवा मार्ग तयार करणारा मात्र तिथे बरेच काही मागे ठेवून येतो. तो कातळात भोके पाडतो, बोल्ट बसवतो, सुटे दगड खाली ढकलतो, भेगांमधली माती आणि झुडपे उपसतो. मग मागून येणाऱ्यांच्या पावलांनी पायथ्याशी वाट पडते. दोर त्याच संध्याकाळी गुंडाळून घरी जातो, बोल्ट पुढची कित्येक वर्षे तिथेच राहतो. सह्याद्रीतले कितीतरी कडे वनखात्याच्या, अभयारण्यांच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत, म्हणजे ते सर्वांचे आहेत. अशा ठिकाणी चढाईला मुभा द्यावी की बंदी घालावी, एवढ्यावरच आपला वाद अडतो. हा प्रश्नच अपुरा आहे. नियमांची नजर चढणाऱ्या माणसापेक्षा कातळात मागे राहणाऱ्या वस्तूवर हवी. उतरताना जे काढून नेता येते त्यासाठी अर्जफाटे नकोत. जे मागे राहणार त्याला आधी संमती हवी आणि नंतर कायमचा वाली हवा.

ही विभागणी प्रस्तरारोहणाच्या इतिहासातूनच आली आहे. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९७० साली वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल यांनी एल कॅपिटनच्या भिंतीवर नवा मार्ग काढला, त्यासाठी तीनशेच्या घरात भोके पाडली. पुढच्याच वर्षी रॉयल रॉबिन्स त्याच मार्गावर बोल्ट तोडत वर निघाले आणि पुढे चढाईचा दर्जा पाहून त्यांनी तोडणे थांबवले. हार्डिंग आणि रॉबिन्स दोघेही नावाजलेले, दोघांचीही भूमिका प्रामाणिक. पण निर्णय घेणारी सर्वमान्य जागा नव्हती. म्हणून एकाने ठोकले, दुसऱ्याने तोडले आणि घाव दोन्ही वेळा कातळावरच पडले. १९७२ साली चढाईचे साहित्य बनवणाऱ्या यव्हॉन शुईनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या साहित्याच्या सूचीतूनच पिटॉनविरुद्ध, म्हणजे भेगेत ठोकायच्या धातूच्या खिळ्याविरुद्ध, भूमिका घेतली. पिटॉन ठोकून आणि उपटून भेगांच्या कडा फुटत होत्या. त्याऐवजी हाताने बसवता-काढता येणारे नट वापरा, असे त्यांनी सांगितले. पिटॉन हा त्यांच्या धंद्याचा मोठा आधार असताना त्यांनी हे सांगितले, यातच त्याचे वजन आहे.

निर्णयाची सर्वमान्य जागा कशी असते, ते जर्मनीतल्या सॅक्सन स्वित्झर्लंडमध्ये पाहायला मिळते. तिथल्या वालुकाश्मासाठी रुडॉल्फ फेरमान यांनी १९१३ साली नियम शब्दबद्ध केले. त्यांतून पुढे आलेली शिस्त अशी: सुट्या उभ्या सुळक्यांवरच चढायचे, भेगेत धातूऐवजी दोरीच्या गाठी अडकवायच्या आणि खडक ओला असेल तर चढायचे नाही. कायमचा आधार म्हणजे लोखंडी रिंग; ती पहिल्या चढाईत खालून वर जातानाच बसवायची. नंतर त्या मार्गावर आणखी रिंग हवी असेल तर गिर्यारोहक संघटनेच्या समितीची संमती लागते, आणि जुन्या रिंगा बदलण्याचे कामही संघटनाच करते. १९९० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, तरी चढाई सुरू राहिली. शंभरहून अधिक वर्षे ही शिस्त टिकली, कारण प्रत्येक रिंगेची जबाबदारी कुणीतरी घेतलेली आहे.

सरसकट बंदी सोपी वाटते, पण तिचा फायदा कातळाला होतोच असे नाही. २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने असा मसुदा मांडला की १९६४च्या वन्यक्षेत्र कायद्यानुसार बोल्ट हे निषिद्ध बांधकाम धरावे आणि अपवाद म्हणूनच परवानगी द्यावी. प्रस्तरारोहकांचा त्यावरचा आक्षेप रास्त होता: अशाने जुना, गंजलेला बोल्ट बदलणेही अडेल आणि लोखंड जागच्या जागी कुजत राहील. जानेवारी २०२५मध्ये सही झालेल्या कायद्याने वन्यक्षेत्रातली चढाई आणि स्थिर आधार यांना नियमांच्या चौकटीत जागा दिली. योसेमिटीच्या वन्यक्षेत्रात आजही यंत्राने भोक पाडता येत नाही. हाताने ग्रॅनाइट कोरायचा तर एकेका बोल्टला बराच वेळ आणि घाम लागतो, त्यामुळे इथे खरोखर गरज आहे का, हा विचार आपोआप होतो. योसेमिटीतच बहिरी ससाण्याच्या विणीसाठी ठरावीक कडे १ मार्चपासून साधारण १५ जुलैपर्यंत बंद असतात, आणि जिथे घरटे नाही तो भाग लवकर खुला होतो. बंदीला कारण आणि मुदत असली की ती पाळली जाते.

सह्याद्रीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपला बेसॉल्ट थरांचा. एका थरात हातोडीखाली खणखणणारा घट्ट कातळ, तर त्याच्याच वर-खाली वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला किंवा लालसर मातकट पट्टा. हातोडी मारल्यावर बद्द आवाज आला तर तिथे बोल्ट धरणार नाही. घट्ट जागी पाडलेल्या भोकातली भुकटीही ब्रशने आणि नळीने फुंकून काढावी लागते. ती आत राहिली तर बोल्टची पकड कमी होते, बाहेरचे टोक मात्र तितकेच चकचकीत दिसते. त्यावर दरवर्षी चार महिने पाऊस. साधे पोलाद आतून गंजते. बोल्ट एका धातूचा आणि हँगर, म्हणजे त्यावर बसवलेली दोर अडकवण्याची पट्टी, दुसऱ्या धातूचा असेल तर ओलाव्यात हा गंज आणखी वेगाने चढतो. म्हणून 'जास्त बोल्ट म्हणजे जास्त सुरक्षितता' हा युक्तिवाद टिकत नाही. कुणी, कधी, कोणत्या धातूचा बोल्ट बसवला हे ठाऊक नसेल, तर त्यावर भार टाकणारा केवळ भरवशावर लटकत असतो.

शिवाय हा कातळ इतरांचाही आहे. लांब चोचीची गिधाडे कड्यांच्या कपारीत घरटी करतात. त्यांची वीण साधारण पावसाळा संपल्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, आणि नेमका तोच आपला चढाईचा हंगाम. एक जोडी वर्षाला एकच अंडे घालते. एका बिथरलेल्या घरट्याची किंमत म्हणजे त्या जोडीचे अख्खे वर्ष. डोंगरी किल्ल्यांवर कडा हाच तट असतो. तिथल्या तासलेल्या भिंतीत, पायऱ्यांत, टाक्यांच्या कडेला ड्रिल चालवणे म्हणजे वारशावर घाव घालणे. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाचा भर उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी आणि सहभागींची सुरक्षा यांवर आहे. कातळाचा विचार करणारी जोड त्याला हवी.

ही जोड चार पानांत मावू शकते. नवा मार्ग मागणाऱ्याने कड्याचे छायाचित्र द्यावे, सुट्या साधनांनी आधार का मिळत नाही ते सांगावे, आणि एका विणीच्या हंगामाचे निरीक्षण जोडावे. वनखाते, गिर्यारोहण संस्था, पक्षी-अभ्यासक आणि पायथ्याच्या गावाचा प्रतिनिधी यांच्या समितीने ठरलेल्या मुदतीत कारणांसह उत्तर द्यावे. बोल्ट आणि हँगर एकाच प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत, त्यांची नोंद सर्वांना पाहता यावी, दर पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी. ज्या मार्गाला सांभाळणारी संस्था उरणार नाही, त्याचे बोल्ट काढून भोके बुजवावीत.

साहसाला कागदपत्रांत जखडू नका, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. उत्तर न देणारी समिती लोकांना चोरून ड्रिल चालवायलाच भाग पाडेल, म्हणून मुदतीचे बंधन समितीवरही हवे. पण साहस चढण्यात आहे, आणि चढण्यावर इथे बंधन नाही. विणीचा काळ सोडला तर नट आणि स्लिंग घेऊन जाणाऱ्याला कुणीही अडवू नये. पहिली चढाई करणाऱ्याचा मान मोठाच, पण त्या मानाने कातळाची मालकी मिळत नाही. आज जे तरुण प्रस्तरारोहण शिकत आहेत त्यांना कोरा कडा मिळण्याचाही हक्क आहे आणि भरवशाचा बोल्ट मिळण्याचाही. हे दोन्ही हक्क राखायचे असतील तर नियम खात्याने लादण्याची वाट न पाहता गिर्यारोहण संस्थांनीच ते लिहून पुढे आणावेत, आणि सुरुवात आपणच ठोकलेल्या जुन्या बोल्टांच्या नोंदीने करावी.