वाटा कोणाचा?



चातुर्मासात निरूपण आटोपले, टाळ-वीणा खाली ठेवली, की चार मंडळी मागे रेंगाळतात. त्यांच्याकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला पुरुषमंडळींचा, मोठ्याने विचारलेला : “बुवा, मनात आलं की लगेच करून टाकावं, का थांबावं?” दुसरा बहुधा एखाद्या माउलीचा, पदर सावरीत, जरा चाचरत विचारलेला : “जन्मभर दुसऱ्यांचंच केलं. आता एखादी गोष्ट फक्त आपल्यासाठी केली, तर तो स्वार्थ होतो का?”

हे प्रश्न दोन दिसतात, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. आमच्या पनवेल भागात तर हे प्रश्न पोथीपुरते राहिलेले नाहीत. ते सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत. म्हणून आज त्यांचाच थोडा विचार करू.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. गंमत अशी की शास्त्र दोन्ही बाजूंनी बोलते. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्याच्या दुसऱ्या सर्गात भीम युद्धासाठी उतावीळ झालेला आहे. धर्मराज त्याला शांतपणे सांगतो, की एकाएकी काही करू नये, अविवेक हे सर्व संकटांचे घर आहे. या श्लोकाची एक आख्यायिका पाठशाळेत गुरुजी रंगवून सांगत. एका सावकाराने हा श्लोक भारवीकडून घेऊन भिंतीवर लटकवला होता. तो व्यापाराला गेला आणि पुष्कळ वर्षांनी रात्री घरी परतला. पाहतो तो बायकोजवळ एक तरुण झोपलेला! त्याने तलवार उपसली, ती त्या श्लोकाच्या फळीला अडली, आणि आवाजाने बायको जागी झाली. तो तरुण म्हणजे मागे तान्हा टाकून गेलेला स्वतःचाच मुलगा! एक क्षण अडला म्हणून मुलगा वाचला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिचे मर्म खरे आहे.

आता दुसरी बाजू ऐका. जाबालोपनिषदात जनकराजा याज्ञवल्क्यांना संन्यासाविषयी विचारतो. उत्तर काय? ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी निघावे. उद्याची गोष्टच नाही! मग माणसाने करावे काय? धर्मराजाचे ऐकून थांबावे, का याज्ञवल्क्यांचे ऐकून निघावे?

संस्कृतात ‘विज्’ म्हणून एक धातू आहे. हलणे, थरथरणे हा त्याचा अर्थ. त्याच्यापासून वेग, आवेग, उद्वेग आणि संवेग असे सगळे शब्द झाले. आवेग माणसाला बुडवतो, आणि संवेगाविषयी पतंजली योगसूत्रात म्हणतात की ज्याचा संवेग तीव्र त्याला समाधी जवळ. धातू एकच! पाणी तेच; बांध फोडून शेतात शिरले तर पूर, आणि पाटाने आले तर पीक. म्हणून निर्णय झटकन झाला का सावकाश झाला, एवढ्यावर तो बरा की वाईट हे ठरत नाही. वीस वर्षे विचार करून केलेले पापही पापच असते. मग ठरते कशावर?

ते याज्ञवल्क्यांच्याच वागण्यावरून कळते. ‘त्याच दिवशी निघा’ म्हणणारे हे ऋषी स्वतः घर सोडायला निघाले तेव्हा काय केले, ते बृहदारण्यकोपनिषदात आहे. त्यांनी मैत्रेयीला हाक मारली आणि सांगितले, “मी आता हा आश्रम सोडून जाणार, त्याआधी तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो.” पाहिलेत? आधी वाटणी, मग वाट! आणि त्याच संवादात ते असेही सांगतात की पती, पत्नी, पुत्र, वित्त हे सारे माणसाला प्रिय होते ते शेवटी आत्म्यासाठी. म्हणजे स्वतःसाठी काही करणे याला श्रुती पाप म्हणत नाही. ती एवढेच पाहते की, तुम्ही जे उधळता आहात त्यात वाटा कोणाचा आहे?

आपल्या संप्रदायात याची दोन उदाहरणे समोरासमोर उभी आहेत. एक आळंदीचे, एक देहूचे.

आळंदीचे उदाहरण मोठ्या आदराने, हात जोडून सांगतो, कारण ते माउलींच्या वडिलांचे आहे. विठ्ठलपंत मूळचे विरक्त. लग्न झाले तरी मन घरात रमेना. संन्यास घ्यायचा तर पत्नीची संमती हवी. चरित्रकार सांगतात की रुक्मिणीबाईंचे लक्ष नसताना त्यांनी ती संमती मिळवली आणि काशी गाठली. गुरूंना सांगितले, “मागे कोणी नाही.” पुढे गुरू यात्रेला निघाले असता आळंदीस आले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, तोंडातून पुत्रवतीचा आशीर्वाद गेला आणि सगळा उलगडा झाला. गुरूंनी विठ्ठलपंतांना परत गृहस्थाश्रमात धाडले. पुढचे सर्व जाणतातच. वाळीत पडलेले घर, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून प्रयागी केलेला देहत्याग, आणि ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवली गेलेली चार लेकरे.

वैराग्य खोटे होते का? मुळीच नाही. संमती मात्र खरी नव्हती. ज्याचा वाटा त्यात होता, त्याचे डोळे उघडे असताना ती घेतलेली नव्हती. कोणी म्हणेल, “बुवा, पण त्यातूनच ज्ञानेश्वरी झाली ना!” झाली, आणि ती त्या लेकरांच्या तपाने झाली. शंकराने विष पचवले म्हणून आपण वाटी तोंडाला लावायची नसते.

आता देहूला चला. १६३० च्या सुमाराचा तो महाभयंकर दुष्काळ. तुकोबांची पहिली पत्नी रखमाई गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. घरात उरली ती सावकारीची कर्जखते. तुकोबांच्या मनाने घेतले की ही खते इंद्रायणीत बुडवायची. लोकांच्या तोंडी कथा एवढीच राहिली आहे की तुकोबांनी खते बुडवली. पण महिपतीबुवांनी चरित्रात मधला एक प्रसंग सांगितला आहे, तो आपण कीर्तनात घाईने ओलांडून जातो. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, “दादा, तुम्ही साधू झालात, मला तर संसार चालवायचा आहे.” तुकोबा त्यावर रागावले नाहीत, ‘तुला वैराग्य कळत नाही’ असे म्हणाले नाहीत. त्यांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा त्यांच्या हाती दिला, आणि इंद्रायणीला वाहिला तो फक्त आपला वाटा.

केवढी ही गोष्ट! अंगात वैराग्याचा पूर आलेला, आणि तरी हात कान्होबांच्या अर्ध्या खतांपाशी थांबतो. याचे नाव संवेग. त्या अर्ध्या खतांत काय गेले? दुष्काळाने मोडलेल्या कुळांकडून वसूल करायचे पैसे गेले. ते कोणाच्या ताटातून ओढून घेतलेले नव्हते. उलट कित्येकांच्या ताटात पडले.

पण इथे एक शंका घेतलीच पाहिजे. जिजाईंचे काय? तुकोबांच्या वाट्यात त्यांचा आणि पोरांचा घास नव्हता का? होता, माउली. संप्रदायाने हे झाकून ठेवलेले नाही. जिजाई चिडत, बोलत, आणि तरीही भर उन्हात भाकरी घेऊन डोंगर चढत. इतक्या निर्मळ निर्णयाचेही ओझे कोणीतरी दुसऱ्याने वाहिले! म्हणून मी तरुण मंडळींना सांगतो की तुकोबांचा दाखला देऊन घर सोडायला निघण्यापूर्वी, भाकरी घेऊन डोंगर कोण चढणार आहे तेवढे पाहून ठेवा.

आता आपल्या अंगणात येऊ. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन, भातशेती आणि मिठागरे संपादनात आली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मूळ खातेदाराला देण्याची योजना आली. विमानतळाच्या वेळी हे प्रमाण २२.५ टक्क्यांवर गेले. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर यांसारखी गावे जागची उठली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली.

म्हणजे आज ज्याला आपण सहज ‘प्लॉट’ म्हणतो, त्याच्यामागे आजोबांची लावणी आहे, आजीचे चिखलात भिजलेले पाय आहेत आणि पाच जणांचे रक्त आहे. आणि तो विकला जातो कसा? एका संध्याकाळी दलाल येतो, टेबलावर इसाराची गड्डी ठेवतो आणि म्हणतो, “भाव आजचाच, उद्याचं सांगता येत नाही.” झाले! इसारपावतीवर सही, कुलमुखत्यारपत्रावर सही. महिन्याभरात दारात गाडी, गळ्यात साखळी आणि लग्नाला हजार पान. गाडी जुनी होते, साखळी गहाण पडते, आणि मुलगा विचारतो, “बाबा, आपलं शेत कुठं होतं?”

मौज करू नये असे मी म्हणत नाही. स्वतःच्या कमाईतून हौस केली तर देव रागावत नाही. पण वडिलोपार्जित जमिनीच्या मोबदल्यात कान्होबाचा वाटा आहे, जिजाईचा आहे, अजून बोलता न येणाऱ्या नातवाचाही आहे. ती सगळी खते एकट्याने नदीत टाकणारा तुकोबा होत नाही.

आणि बहिणीचा वाटा? २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला. बहीण गणपतीला माहेरी येते. घरात आरती, मोदक, पोरांचा गलबला. भाऊ म्हणतो, “ताई, उद्या जरा निबंधकाच्या कचेरीत येऊन जा, दोन सह्या राहिल्यात.” ती माहेरच्या आनंदात असते, काय लिहिलंय ते वाचत नाही. घरी गेल्यावर कळते की ते हक्कसोडपत्र होते. माउली, लक्ष नसताना घेतलेल्या संमतीची कथा आपण आत्ताच ऐकली. तिथे तर मागणी वैराग्यासाठी होती. इथे ती गुंठ्यांसाठी आहे! बहिणीला सगळे वाचून दाखवा, भाव सांगा, दोन दिवस विचाराला द्या. मग ती आपखुषीने सोडील तर तो तिचा त्याग. न सोडील तर तो तिचा वाटा, आणि तिच्यासाठी माहेरचे दार पूर्वीसारखेच उघडे राहिले पाहिजे.

आता त्या पदर सावरणाऱ्या माउलीचे उत्तर राहिले. कोकणात ऐन आषाढात भाताची लावणी. त्यामुळे कितीतरी बायांचा जन्म ‘लावणी झाली की जाऊ’ म्हणण्यात गेला. पुढे शेते गेली, लावणी संपली, पण ‘नंतर जाऊ’ काही संपले नाही. आता नातवाची शाळा आहे, सुनेची नोकरी आहे, कोणाचे तरी दुखणे आहे. तिला मी सांगतो : आई, तुझे पाय तुझे आहेत. डब्यात साठवलेले चार पैसे तुझ्या कष्टाचे आहेत. आयुष्याचे जे काही दिवस उरले, ते तरी तुझ्या वाट्याचे आहेत की नाही? या कार्तिकीला जायचे मनात आले ना? मग आजच पिशवी भर. जनकाला दिलेले उत्तर तुझ्यासाठीच आहे. हा स्वार्थ नव्हे. संत याला स्वहित म्हणतात.

यातून घरात पाळायला सोपा असा एक नियम निघतो. जे सामाईक आहे, तिथे विचारावे. जे आपले आहे, तिथे सांगावे. सामाईकात न विचारता केले तर ती चोरी होते, आणि आपल्या वाट्याच्या गोष्टीलाही जन्मभर परवानगी मागत बसले तर जन्म निघून जातो. पुरुष सामाईकाला आपले समजतात आणि बाया आपल्याला सामाईक समजतात. घरातली निम्मी भांडणे यातूनच उपजतात. सून घर सांभाळते म्हणून सासूची वारी होते; तेव्हा परत आल्यावर बुक्का प्रथम सुनेच्या कपाळी लावावा, आणि पुढच्या वर्षी तिला धाडून आपण घरी थांबावे.

आणि घाईचे काय? दारात संधी उभी असताना थांबावे कसे? याचे उत्तर द्यायला आपला पुंडलीक समर्थ आहे. त्याच्या दारात प्रत्यक्ष परब्रह्म आले होते. याहून मोठा स्वतःचा लाभ कोणता? पण हातात आईबापांचे पाय होते, त्या वेळेवर त्यांचा वाटा होता. त्याने वीट टाकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव अठ्ठावीस युगे थांबला! मग माउली, देव थांबतो तिथे तुमचे गिऱ्हाईक दोन दिवस थांबणार नाही काय? आणि नाही थांबले तर समजावे, ते आपल्या हिताचे नव्हते.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!