दोष ठरवण्याआधी कारण

मोठा अपघात झाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. कलम कोणते लावले, जामीन कसा मिळाला, शिक्षा जास्तीत जास्त किती वर्षांची. २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला गेला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण संताप ओसरल्यावर मागे एक वाक्य राहिले आणि ते आता प्रत्येक चर्चेत ऐकू येते : आरोपींना फार हक्क आहेत, म्हणून पीडितांना न्याय मिळत नाही. हे वाक्य मला उथळ तर वाटतेच, पण त्याहून अधिक घातक वाटते. पुण्याच्या प्रकरणात पैसा आणि वशिला यांच्यामुळे ते खरे भासते. ते तपासायचे असेल, तर जिथे पैसा नाही, वशिला नाही, फक्त दुःख आणि न सुटलेला प्रश्न आहे, अशा ठिकाणी जायला हवे. आंबेनळी घाट हे तसे ठिकाण आहे.

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी विद्यापीठाच्या बसने महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. पोलादपूर मागे टाकून बस घाट चढू लागली आणि शेकडो फूट खोल दरीत कोसळली. तीस माणसे गेली, एक वाचला. तोच वर चढून आला आणि त्याच्यामुळे जगाला बातमी कळली. पोलादपूर-महाबळेश्वरकडचे गिर्यारोहक आणि आसपासचे ग्रामस्थ पावसात, निसरड्या कड्यावर दोर लावून खाली उतरले आणि एकेक मृतदेह वर आणत राहिले. एकाच संस्थेत काम करणारी, एकमेकांच्या घरी जाणेयेणे असलेली ही माणसे होती. दापोली आणि आसपासच्या गावांत एकाच वेळी इतक्या चिता पेटल्या.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला : बस चालवत कोण होते? घाट, पाऊस, निसरडा रस्ता हे सगळे असले तरी तीस घरांना एवढ्यावर थांबता येईना. वाचलेल्या एकट्याच्या जबाबावर नातेवाइकांचा विश्वास बसेना. त्याची नार्को चाचणी करा, अशी मागणी झाली. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो मृत चालकाविरुद्ध.

या घटनाक्रमाच्या दोन्ही टोकांना जे झाले, ते मला एकाच चुकीची दोन रूपे वाटते. आधी मागणीचे बघू, कारण तिच्यामागे असलेला विचार आज घरोघरी मान्य झाला आहे. तो असा : ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, तो चाचणीला का घाबरेल? जो नकार देतो, तो दोषी. जो गप्प राहतो, तो दोषी.

या विचारात पहिली चूक विज्ञानाची आहे. गुंगीचे औषध दिले की माणसाच्या तोंडून सत्यच बाहेर पडते, हा समज चित्रपटांनी आणि वाहिन्यांनी पोसलेला आहे. गुंगीत माणूस बडबडतो. त्या बडबडीत आठवण असते, भीती असते, प्रश्नकर्त्याने सुचवलेले उत्तरही असते. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत वाहिन्यांनी दाखवली, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने ती डोळे विस्फारून पाहिली. चर्चा प्रचंड झाली, पण ती बडबड म्हणजे पुरावा नव्हता. आणि दरीत कोसळून एकट्याने वाचलेल्या माणसाच्या मनात त्या काही क्षणांची आठवण सरळ, सलग आणि भरवशाची असेल, असे मानायला कोणता आधार आहे?

दुसरी चूक कायद्याची. ५ मे २०१०ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही लादता येणार नाही. कोणावरही, म्हणजे केवळ आरोपीवर नव्हे. संशयित आणि साक्षीदारही त्यात आले. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष म्हणजे पुरावा नव्हे. फार तर त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा स्वतंत्र माहिती हाती लागली, तर ती वापरता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधले तिसरे उपकलम आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ साली न्यायालयाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीपर्यंत मागे नेले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम तर इंग्रजांच्या काळापासून आहे. ज्या सत्तेला आपल्या पोलिसांच्या हातातली काठी चांगली ठाऊक होती, तिने तो केला होता.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. या हक्कांमुळे सत्य अडते, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच काठी कालू ओघड प्रकरणात स्पष्ट केले, की बोटांचे ठसे, हस्ताक्षर किंवा शरीराची ओळख पटवणाऱ्या खुणा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. कायदा फक्त माणसाच्या तोंडातून शब्द ओढून काढायला मनाई करतो. बाकी सगळे जग तपासाला मोकळे असते. चालकाच्या जागेवर कोण होते, हे जखमा सांगू शकतात : सुकाणू छातीवर आदळल्याच्या, पायांना पेडलचा मार लागल्याच्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न वेळेवर विचारला, तर त्याचे उत्तर मिळण्याची शक्यता असते. टायर, ब्रेक, गिअर कोणत्या स्थितीत होते. कठडा होता का, होता तर किती उंच. डांबराच्या कडेला माती आली होती का. गाडीची योग्यता तपासणी केव्हा झाली होती. यांतल्या एकाही प्रश्नासाठी कोणाला गुंगीचे औषध द्यावे लागत नाही. पण त्यासाठी पहिल्या काही तासांत तिथे जाणकार माणूस पोचावा लागतो, मोजमाप, छायाचित्रे आणि नमुने घ्यावे लागतात. जे तपासात व्हायचे ते वेळेवर झाले नाही, की एकमेव जिवंत माणसाच्या तोंडावर सगळा भार येऊन पडतो. मग त्याचे मौन हा अडथळा वाटू लागतो.

मृत माणसाविरुद्ध गुन्हा नोंदवणे हे त्याच चुकीचे दुसरे टोक. कायद्याच्या दृष्टीने मृतावर खटला चालत नाही. आरोपी नसला की प्रकरण मिटते. म्हणजे जो आरोप ठेवला, तो कधीच तपासला जाणार नाही. मृताला वकील नाही, त्याच्या वतीने उलटतपासणी नाही, संशयाचा फायदा देणारे न्यायालय नाही. कागदावर मात्र त्याचे नाव कायमचे दोषाच्या रकान्यात राहते आणि त्याच्या घरच्यांना, जे स्वतः त्या दिवशी शोकात होते, बाकीच्या घरांच्या नजरेला नजर देत जगावे लागते. विम्याच्या आणि भरपाईच्या कामाला असा कागद उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे. पण भरपाई मिळवण्यासाठी दोष ठरवायलाच हवा, असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १६४व्या कलमात दोष सिद्ध न करता मृताच्या वारसांना पाच लाख रुपये मिळण्याची सोय आहे.

शिक्षा वाढवा, हा दुसरा नारा एका परिच्छेदात संपवण्याजोगा आहे. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमाने ती पाच वर्षे झाली. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्या वर्षाच्या जानेवारीत ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि ती तरतूद अजून लागू झालेली नाही. घाटात बस चालवणाऱ्याला चुकीची पहिली किंमत स्वतःच्या प्राणाने मोजावी लागते. दरीने जे साधले नाही, ते पाचाची दहा वर्षे कशी साधणार? चकमकीत मारून टाका म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना खटलाच नको आहे. आणि घाटात असे व्हायचेच म्हणून हात झटकणारे तर प्रश्नच विचारायला तयार नाहीत.

मग नातेवाइकांनी करायचे काय? इथे मी आरोपीचे हक्क सांगून मोकळा होणार नाही, कारण ज्यांची माणसे गेली, त्यांची तहान खरी आहे. काय घडले हे कळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि तो शिक्षेपेक्षा मोठा आहे, असे मला वाटते. कायद्याने त्यांना थोडेफार दिलेही आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांनी तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायची आहे. आरोपी सुटला तर पीडितालाही अपील करता येते. पण हे सगळे हक्क एकाच दारातून आत जातात आणि ते दार पोलीस ठाण्याचे आहे. ठाण्यात प्रश्न विचारायचा तर आरोपी लागतो. आरोपी नसेल, तर तो तयार करावा लागतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की कारण शोधणारी चौकशी आणि दोष ठरवणारा खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत केली आहे. कारण शोधायला माणसे निर्धास्तपणे बोलायला हवीत. दोष ठरवताना माणसाला गप्प बसण्याची मुभा हवी. कारण अनेक असतात आणि एकत्र येतात : रस्ता, पाऊस, गाडी, थकवा, नजर. दोष मात्र एका नावावर ठेवावा लागतो आणि तो वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पहिल्या कामाला शक्यतांचा तोल पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. दोन्ही कामे एकाच अंमलदाराच्या एकाच वहीत कोंबली, की जबाब देणारा प्रत्येक जण मनातल्या मनात वकिलाचा सल्ला घेऊन बोलतो. कारण हाती येत नाही आणि दोषही सिद्ध होत नाही.

हा भेद मी कल्पनेतून काढलेला नाही, तो आपल्या कायद्यात आहे. विमान अपघाताच्या चौकशीचे २०१७चे नियम सांगतात, की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही. रेल्वे अपघाताची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे ज्याची गाडी त्याचीच चौकशी असे होत नाही. आणि याच परिसरात, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा सरकारने चौकशी आयोग नेमला होता. १९५२च्या चौकशी आयोग कायद्याचे सहावे कलम म्हणते, की आयोगापुढे साक्ष देताना माणसाने जे सांगितले, ते खोट्या साक्षीचा खटला सोडला, तर त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. म्हणजे बोलायला निर्धास्तपणा देण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. ती फक्त राज्य हादरवणाऱ्या प्रसंगापुरती राखून ठेवली आहे. रस्त्यावरच्या अपघातांसाठी अशी कायमची स्वतंत्र यंत्रणा नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३५व्या कलमात अपघातांच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्याच्या योजनांची तरतूद आहे. १९८-अ कलमात रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या निकषांनुसार न केल्यास संबंधितांना एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण रस्त्याचा दोष शोधणारेच कोणी नसेल, तर हा दंड लावणार कोणाला?

आरोपीचे हक्क पीडिताच्या विरोधात नसतात, हे महाडला सांगायची खरे तर गरज पडू नये. चवदार तळ्याचा वाद १९२७ पासून न्यायालयांच्या पायऱ्या चढत १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात संपला. ज्यांच्यावर हल्ला झाला होता, त्यांनी १९२७च्याच डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा सत्याग्रह तहकूब केला आणि दहा वर्षे खटला लढवला. त्याच लढ्याच्या नेत्याने सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत अटकेतल्या माणसाच्या संरक्षणाचे कलम मांडले. अटकेची कारणे सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, हे आजच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. पीडितांच्या बाजूने आयुष्यभर उभ्या राहिलेल्या माणसाला आरोपीचे हक्क ही पळवाट वाटली नाही. झुंडीचा राग आणि सत्तेचा संशय उद्या कोणावर वळेल, हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते.

म्हणून मागणी करायची तर ती चाचणीची नको आणि जास्त वर्षांचीही नको. रायगड, रत्नागिरी, सातारा या घाटांच्या जिल्ह्यांत, ठरावीक संख्येपेक्षा अधिक बळी गेले की पोलिसांपासून आणि बांधकाम खात्यापासून वेगळे असलेले चौकशी पथक चोवीस तासांत पोचले पाहिजे. त्यात वाहन अभियंता, रस्ता अभियंता आणि न्यायवैद्यक डॉक्टर असावेत. त्यांच्यापुढे दिलेला जबाब फौजदारी खटल्यात वापरला जाऊ नये. त्यांचा अहवाल मराठीत, मुदतीत, मृतांच्या घरी पोचावा. खटला चालायचा तर तो स्वतंत्रपणे, सगळ्या संरक्षणांसह चालावा. मग वाचलेल्या एकट्याला स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करत जगावे लागणार नाही, मेलेल्याच्या नावावर न तपासलेला आरोप राहणार नाही, आणि तीस घरांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची निदान शक्यता तरी उरेल. आरोपीचे हक्क कमी करून यांतली एकही गोष्ट साधत नाही.